रमाबाईंच्या हातातले बायबल आणि आपले मौन

पंडिता रमाबाईंविषयी मराठीत लिहिताना एक क्रियापद हमखास येते : 'वळल्या'. रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे वळल्या. आणि या क्रियापदाच्या आगेमागे कुठेतरी 'आधार' हा शब्द दबा धरून बसलेला असतो. आई-वडील गेले, बहीण गेली, भाऊ गेला, पती गेला. परक्या देशात परक्या माणसांनी माया केली. एकाकी जिवाला आधार हवा होता, तो मिळाला. एवढे सांगून झाले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि शारदा सदन, हंटर आयोगापुढील साक्ष, विधवांचे शिक्षण अशा सुरक्षित मुक्कामांकडे वळतो. (येथे मात्र 'वळणे' हे क्रियापद अगदी योग्य आहे.)

प्रस्तुत लेखाचा रोख या 'आधार' शब्दावर आहे. वरकरणी तो सहानुभूतीचा शब्द वाटतो. वस्तुतः तो वाचनाला दिलेला नकार आहे. एखाद्या व्यक्तीने एक ग्रंथ हाती घेतला, चाळीस वर्षे त्याच्याशी झुंज घेतली, त्यातून आयुष्याचे प्रयोजन बेतले, अखेरीस तो सबंध ग्रंथ मराठीत आणला. आणि त्या व्यक्तीचे मूल्यमापन करणाऱ्या समीक्षेने त्या ग्रंथाला हातही न लावता निर्णय दिला की ती बिचारी दुःखी होती. असा निर्णय आपण अन्य कोणाविषयी देतो का, हे पाहू.

लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. सहा वर्षांची शिक्षा, परका मुलूख, खालावलेली प्रकृती. तेथे त्यांनी गीतेवर विचार केला आणि 'गीतारहस्य' लिहिले. १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. या दोन्ही प्रसंगांविषयी आपण काय म्हणतो? धर्मग्रंथाने त्यांना बळ दिले, कर्माची दिशा दिली. मंडालेच्या एकाकीपणात टिळकांना मानसिक आधाराची गरज भासली व म्हणून ते गीतेकडे वळले, असे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण किती गुण देऊ? पुरुष तुरुंगात ग्रंथ उघडतो तेव्हा तो चिंतन करतो. विधवा ग्रंथ उघडते तेव्हा ती आसरा शोधते. या समीक्षेचा पाया एवढाच आहे.

यावर आक्षेप येईल की तुलनाच गैरलागू आहे. गीता टिळकांची होती, बायबल रमाबाईंचे नव्हते. ठीक आहे. परंतु मग वाद मानसशास्त्राचा नसून मालकीचा आहे, हे तरी कबूल करावे. आणि मालकीचाच प्रश्न असेल, तर तो रमाबाईंनी आपल्याहून शंभर वर्षे आधी आणि अधिक नेमकेपणाने विचारला होता : जे ग्रंथ माझे म्हणून सांगितले जातात, ते मला वाचू तरी देतात का? वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे आपली बाजू मांडावी लागली होती. रमाबाईंनी स्वतः आईवडिलांबरोबर गावोगावच्या देवळांतून पुराणे सांगितली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. परंतु वेद त्यांनी वाचले नव्हते; स्त्रीला तो अधिकार नाही हे त्या मानत आल्या होत्या. वेदाची प्रत त्यांच्या हाती ठेवून तो वाचायला सांगितले केशवचंद्र सेन यांनी. शास्त्रे वाचल्यावर स्त्रीविषयी त्यांत काय आढळले, ते त्यांनी 'अ टेस्टिमनी' या १९०७ मधील आत्मनिवेदनपर पुस्तिकेत नोंदवून ठेवले आहे. त्याची गोळाबेरीज अशी, की बाकी शेकडो बाबतींत आपसांत न जमणारी शास्त्रे स्त्री हीन आहे आणि पतीवाचून तिला मोक्ष नाही या एका मुद्द्यावर मात्र एकमुखी आहेत. हा निष्कर्ष कोणाला पटो न पटो, तो वाचनातून आलेला आहे. दुःखातून नव्हे.

आता 'आधारा'चा सिद्धांत सालांच्या कसोटीवर घासून पाहू. आई-वडील आणि थोरली बहीण गेली ती १८७४ च्या सुमारास, दुष्काळात. भाऊ श्रीनिवास गेला १८८० मध्ये. पती बिपिनबिहारी दास मेधावी गेले फेब्रुवारी १८८२ मध्ये. याच वर्षी, कडेवर तान्ही मनोरमा असताना, रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहून प्रसिद्ध केली आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षक मागितले. कोसळलेल्या माणसाची ही दिनचर्या आहे काय? बाप्तिस्मा झाला तो २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे. आणि त्याने त्यांना मिळाले काय? पुण्यातील सुधारकांचा दुरावा, 'केसरी'चा रोष आणि ज्यांच्या आश्रयाने त्या राहिल्या त्या मठवासिनींशी वर्षानुवर्षे चाललेला वाद. सुखासाठी केलेला सौदा म्हणून पाहिले तर याहून तोट्याचा सौदा सापडणे कठीण. महात्मा फुल्यांना हे तेव्हाच उमगले होते. 'सत्सार'मध्ये १८८५ साली त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली ती दुःखी स्त्री म्हणून नव्हे, वाचून शहाणी झालेली स्त्री म्हणून.

वाँटेजचा पत्रव्यवहार हा या विषयातील सर्वांत मोलाचा ऐवज आहे. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा इंग्रजी पत्रसंग्रह १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने, म्हणजे आपल्याच सरकारने, छापला. मराठीच्या किती प्राध्यापकांनी तो उघडला आहे, हा प्रश्न मी सभ्यतेपोटी विचारत नाही. या पत्रांतली रमाबाई आधार शोधणारी नाही. ती भांडणारी आहे. त्रैक्याचा सिद्धांत ती मुकाट्याने गिळत नाही, अथेनेशियसच्या नावाने चालत आलेला धर्ममतांगीकार मान्य करीत नाही. चर्च सांगते म्हणून नव्हे, बायबलात वाचून पटेल तेवढेच मी मानीन, हा तिचा हेका आहे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, लॅटिन काय संस्कृतहून पवित्र आहे, असे ती विचारते. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, हिंदुस्थानात त्याचा वाईट परिणाम होईल, असा सल्ला बिशप मंडळींनी दिला तेव्हा कलकत्त्याच्या सभांत पुरुषांसमोर बोललेली ही बाई संतापली. मांसाहार तिने केला नाही. सिस्टर जेराल्डिनला या साऱ्यात अहंकार दिसला. आपल्याला यात काहीच दिसले नाही, कारण आपण पाहिलेच नाही. शरण जाण्याऐवजी ग्रंथाशी हुज्जत घालण्याची ही रीत खास पुराणिकाच्या मुलीची आहे. पोथी बदलली, वाचण्याची सवय तीच राहिली.

मग बळ आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनीच दिले आहे आणि ते आपल्या अपेक्षेहून वेगळे आहे. इंग्लंडमध्ये असताना त्यांना लंडननजीक फुलहॅम येथे नेण्यात आले. ज्यांना समाज 'पतित' म्हणतो अशा स्त्रियांसाठी तेथे मठवासिनींचे काम चालत असे. अशा स्त्रियांना शिक्षा नव्हे तर माया देता येते, हे त्यांनी प्रथमच पाहिले. असे का, हे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परजातीची बाई; आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी धर्माच्या सर्वांत गहन गोष्टी बोलणारा येशू. लहानपणापासून पुराणे सांगणाऱ्या, कथा म्हणजे काय हे ठाऊक असणाऱ्या बाईला ही कथा भिडली. 'विटाळ' आणि 'पाणी' हे दोन शब्द ज्या समाजात शेजारी शेजारी उच्चारले की अंगावर शहारा येतो, त्या समाजातून आलेल्या वाचकाला ती जशी भिडेल तशी कोणा इंग्रज वाचकाला क्वचितच भिडली असेल. पुढे केडगावात 'कृपासदन' उभे राहिले ते अशाच स्त्रियांसाठी. कथा, तिचे वाचन आणि त्यातून उभी राहिलेली इमारत असा सरळ धागा येथे दिसतो. साहित्याच्या अध्यापकाला याहून मोठा पुरावा काय हवा? साहित्यकृती वाचकाच्या आयुष्यात काय करते यावर आपण वाचककेंद्री समीक्षेचे तास घेतो, जर्मन नावे फळ्यावर लिहितो, आणि हे उदाहरण अंगणात असून दिसत नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. बाप्तिस्म्यानंतर आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे रमाबाई म्हणतात. तो सापडायला आठ वर्षे लागली. साल येते १८९१. म्हणजे ज्या काळात आपण त्यांना 'आधार' मिळाल्याचे सांगतो, त्या काळात, त्यांच्याच म्हणण्यानुसार, तो मिळालेला नव्हता. त्या आठ वर्षांत त्यांनी अमेरिका पालथी घातली, 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' (१८८७) लिहिले, बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभे केले, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. काम होते, यश होते. जे नव्हते ते नव्हते, आणि त्याची त्यांना जाणीव होती. इतकी निर्भय आत्मपरीक्षा आपल्या आत्मचरित्रांत किती ठिकाणी आढळते?

१८९३ चा वाद आपण फार सोपा करून शिकवतो. शारदा सदन तोवर पुण्यास आले होते. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. बोभाटा झाला, 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी संबंध सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर सारे निभावले असते. त्यांनी ते लावले नाही. धर्माबाबत सक्ती करणार नाही हे त्यांचे वचन होते. स्वतःचा धर्म लपवीन असे वचन त्यांनी दिले नव्हते. सदनात हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. फक्त संस्थेच्या प्रमुख बाईलाच स्वतःच्या खोलीत मोकळीक नसावी, अशी ती मागणी होती. सल्लागारांची बाजू अगदीच पोकळ नव्हती; पालकांना दिलेल्या शब्दाची त्यांना काळजी होती आणि उघड्या दाराचेही आकर्षण असते, विशेषतः जेथे शिकवणारी हीच आई असते. परंतु आपल्या वर्गात हा पेच मांडला जातो का? की 'धर्मप्रसाराच्या संशयामुळे संस्थेला विरोध झाला' या एका ओळीत तो मिटवला जातो?

केडगावचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो टाळून या लेखाला पुढे जाता येणार नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. १९०० पर्यंत, गुजरातच्या दुष्काळानंतर, ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. मुक्ती सदन ही उघडउघड ख्रिस्ती संस्था होती. येथे दाराचा प्रश्न नव्हता. घरच प्रार्थनेचे होते. भुकेने मरणाऱ्या मुलीने ज्या हातून भाकर मिळाली त्या हाताचा धर्म घेतला, तर त्याला निवड म्हणायचे का? माझे मत असे, की निखळ निवड म्हणता येणार नाही. रमाबाईंचा पक्ष घेणाऱ्यांनी ही गोष्ट मान्य करावी. त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखनात हिंदू धर्माविषयी जो कठोरपणा येतो, तोही झाकू नये. मात्र हा प्रश्न विचारणाऱ्यांनी दुसरीही बाजू तेवढ्याच कठोरपणे तपासावी. जातीने दिलेला, बालपणी बांधलेल्या लग्नाने दिलेला, केशवपनाने दिलेला धर्म ही तरी कोणत्या मुलीची निवड होती? आणि दुष्काळी छावण्यांतल्या मुलींवर जी माणसे टपून होती, त्यांच्या हाती त्या पडू नयेत म्हणून धावणारी ही बाई स्वतः दुष्काळात आई-वडील गमावलेली होती. कोवळ्या वयातील त्या उपासमारीची आठवण तिने १८९७ मध्ये लिहून ठेवली आहे. तिला त्या मुलींत कोण दिसले असेल हे समजण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही.

केडगावच्या प्रार्थनेविषयीही आपला एक गैरसमज पक्का आहे. प्रार्थना म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असे आपण धरून चालतो. अमेरिकन मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र वाचले होते. कोणाकडे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथालये चालवणारा तो मनुष्य. हे हिंदुस्थानात का होऊ नये, असा त्यांना प्रश्न पडला. आणि मग त्यांनी काय केले? विहिरी खणल्या, शेती लावली, विणकाम, छपाई, गुरे अशी कामे उभी केली. प्रार्थना त्यांना कामापासून सोडवीत नव्हती. उद्याचे धान्य कोठून येणार हे ठाऊक नसताना आजचे काम थांबू न देण्याची ती रीत होती. १९०५ मध्ये मुक्ती सदनात जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, ज्यात मुली रडत, मोठमोठ्याने एकत्र प्रार्थना करीत, त्याला 'उन्माद' म्हणून बाजूला सारणारे विद्वान कीर्तनात देहभान हरपलेल्या वारकऱ्यापुढे मात्र आदराने उभे राहतात. मला स्वतःला दोन्ही ठिकाणी थोडे संकोचल्यासारखे होते. (मी ख्रिस्ती नाही, आणि रूढ अर्थाने धार्मिकही नाही, हे येथे सांगितले नाही तर प्रतिक्रिया कोणत्या येतील हे ठाऊक आहे.) परंतु माझा संकोच हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही.

भक्त चरित्रकारांना सोडून केवळ समीक्षकांना झोडपणे अन्यायाचे होईल. त्यांनी रमाबाईंची संतीण करून टाकली. त्यांच्या लेखनात सारे प्रार्थनेने घडते : पैसा येतो, पाणी लागते, अनुवाद पुरा होतो. मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य दे अशी प्रार्थना रमाबाईंनी केली व काम संपताच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, अशी कथा सांगतात. कथा सुंदर आहे. तिच्यात हरवतात ती मधली पंधराहून अधिक वर्षे, ज्यांत उतारवयातली, कानांनी अधू झालेली एक बाई हिब्रू आणि ग्रीक शिकत होती, शब्दाला शब्द तोलत होती. समीक्षक प्रार्थना वगळतात, चरित्रकार व्याकरण वगळतात. दोघांनाही रमाबाई अर्ध्याच हव्या आहेत.

तो अनुवाद हाच खरे तर मराठीच्या अभ्यासकांचा विषय. मूळ भाषांवरून केलेले हे संपूर्ण मराठी बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचलित मराठी बायबल त्यांना का पुरेना? त्यांच्या मते त्याची भाषा संस्कृतप्रचुर होती, साध्या बायकांना न कळणारी. आणि ते संस्कृत शब्द आपल्याबरोबर जुन्या धर्मकल्पनाही घेऊन येत. हे कोण म्हणते आहे, ते पाहा. जिने संस्कृतच्या बळावर कलकत्ता जिंकले, जिने क्रूसावर संस्कृत अक्षरे मागितली, तीच बाई चाळीस वर्षांनी आपल्या हातातले संस्कृत खाली ठेवते, कारण तिच्यासमोर बसलेल्या शेतकऱ्याच्या विधवेला ते कळत नाही. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली तेव्हा घडले ते आपण भाषिक क्रांती म्हणून शिकवतो. येथे तीच कृती एक स्त्री स्त्रियांसाठी करते, केडगावच्या छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवतात, आणि भाषांतरमीमांसेच्या आपल्या अभ्यासपत्रिकेत त्याला एक तळटीपही मिळत नाही. तो अनुवाद चांगला आहे की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. शब्दाला शब्द देण्याच्या हट्टामुळे तो जागोजागी अवघडतो, असे माझे मत आहे. पण मतभेद होण्यासाठीही तो आधी कोणी तरी वाचायला हवा.

हे रमाबाईंपुरते नाही. फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त (१६१६) सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आपण शिकवतो त्या मराठीच्या स्तुतीच्या चारदोन. ज्या ग्रंथासाठी ही स्तुती केली तो ग्रंथ कशाविषयी आहे, हे विद्यार्थ्याला कळू न देण्याची आपली हातोटी वाखाणण्यासारखी आहे. रेव्हरंड टिळक आपल्याकडे 'फुलामुलांचे कवी' म्हणून उरले. 'अभंगांजली' लिहिणारे टिळक, तुकारामाच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो असे सांगणारे टिळक, भक्तिकवितेच्या अभ्यासात बसत नाहीत आणि आधुनिक कवितेच्याही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तील विनोदावर प्रश्न दरवर्षी येतो. ज्या बाईने नवऱ्याच्या धर्मांतराचा पाच वर्षे धसका घेतला, तिने १९०० मध्ये स्वतः तो धर्म का घेतला, यावर मी गेल्या अनेक वर्षांत एकही प्रश्न पाहिलेला नाही. आम्ही एका अभ्यासमंडळात तो सुचवला होता. 'धार्मिक विषय टाळावेत' असा शेरा मिळाला. त्याच पत्रिकेत 'ज्ञानेश्वरांची गुरुभक्ती' या विषयावर पंधरा गुणांचा प्रश्न होता.

इंग्रजीत उमा चक्रवर्ती, गौरी विश्वनाथन, मीरा कोसंबी यांनी रमाबाईंच्या धर्मांतराला बौद्धिक कृती म्हणून वाचायला १९९८-२००० च्या सुमारासच सुरुवात केली. मराठीत देवदत्त नारायण टिळकांचे चरित्र १९६० पासून उपलब्ध आहे. साधनांची वाण नाही. येत्या वर्षी अभ्यासक्रम बदलेल तेव्हा 'अ टेस्टिमनी'चा मराठी अनुवाद आणि रमाबाईंच्या बायबलातील योहानाचा चौथा अध्याय, तो विहिरीवरचा, ही दोन छोटी प्रकरणे नेमून पाहावीत. शेजारी जुन्या मराठी बायबलातील तोच अध्याय ठेवावा आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की रमाबाईंनी कोणता शब्द कोठे बदलला, आणि का.